केसपेपरवरची पहिली ओळ

अपघातात सापडलेल्या माणसाची हकिगत सगळ्यात आधी लिहितो तो कॅज्युअल्टीतला रात्रपाळीचा डॉक्टर. त्यानं अपघात पाहिलेला नसतो. जखमीला घेऊन आलेल्याला तो विचारतो, "काय झालं?" आणि हातापायाला कंप सुटलेला तो माणूस सांगतो, "गाडीवरून पडला." डॉक्टर तेवढंच केसपेपरवर लिहितो, वेळ टाकतो, सही करतो आणि रक्त थांबवायच्या कामाला लागतो. त्याचं काही चुकत नाही. त्या घटकेला जीव वाचवणं हेच त्याचं काम. पण त्या ओळीत समोरचं वाहन नसतं, त्याचा नंबर नसतो, रस्त्यावरचा अंधार नसतो. पुढे नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो तेव्हा विमा कंपनीचे वकील नेमका हाच कागद पुढे करतात. कुणी पढवायच्या आधी पहिल्या तासात जे तोंडातून निघालं तेच खरं, दुसरं वाहन मागाहून घुसडलंय, असं त्यांचं म्हणणं असतं. कोर्टाला त्याची दखल घ्यावीच लागते.

मी वकील नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघते. कागद वाचायची सवय आहे एवढ्यावरून माझ्या चुलतभावाच्या अपघाताची फाईल माझ्याकडे आली. मग त्याचं बघून कुणी, त्या कुणाचं बघून आणखी कुणी, असे आसपासच्या गावांतले लोक प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येत गेले. बहुतेक सगळे दुचाकीवाले. त्यात नवल नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्या पिशव्या उघडून बघताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आपल्याकडे जखमीसाठी धावणाऱ्यांची कमी नाही. रक्त मिळतं, पैसा उभा राहतो, डबा येतो, रात्री उशाशी बसायला माणूस मिळतो. कागदासाठी मात्र कुणीच धावत नाही. आणि ज्याच्या आयुष्याचा तो कागद असतो, तो बेशुद्ध असतो किंवा ऑपरेशन टेबलावर.

माझा भाऊ वायरमन. महावितरणच्या ठेकेदाराकडे कामाला होता. गळीत हंगाम ऐन भरात होता तेव्हाची गोष्ट. रात्री काम उरकून तो घरी येत होता. उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर म्हणून वाहन रस्त्यातच उभं. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस. समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर झोत डोळ्यांवर आला आणि तो झोत सरला तेव्हा ट्रॉली पुढ्यातच होती. डोक्यात हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता, म्हणून तो आज आहे. उजव्या मांडीचं हाड मोडलं आणि गुडघ्याचा चुरा झाला.

रात्री तालमीतली पोरं रक्त द्यायला आली. इतकी आली की रक्तपेढीवाल्यांनी निम्मी परत पाठवली. त्या पोरांचं ऋण मी कधी विसरणार नाही. पण सकाळ व्हायच्या आत चाक बदलून ट्रॉली कारखान्यावर गेली आणि रस्त्यावर थोड्या काचा आणि उसाचा पाला एवढंच उरलं. भावासोबत दुसऱ्या गाडीवर असलेल्या एका मुलानं मोबाइलच्या उजेडात मागून एक फोटो काढला होता. पुरावा म्हणून काढला नव्हता, घरच्यांना दाखवायला काढला होता. त्यात ट्रॉलीची काळी मागची बाजू, तिच्याखाली घुसलेली गाडी आणि बाजूला लावलेले दोन दगड दिसतात. पुढे त्या फोटोनं आम्हाला जेवढं तारलं तेवढं कुणाच्या साक्षीनं तारलं नाही.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ट्रॅक्टरचा मालक आला. सोबत गावातले दोन जाणते. माणूस वाईट नव्हता. शेजारच्या गावचा, लांबून आमच्या सोयऱ्यातलाच. ट्रॅक्टरचे हप्ते चालू, वाहतुकीची उचल घेतलेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं काकांचे पाय धरले आणि रुमालात बांधलेले तीस हजार पुढे केले. "दादा, पोलिसात नको. आपण माणसं माणसांत मिटवू." जाणत्यांनी मान डोलावली. काका बधले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, त्याचा ट्रॅक्टर गेला तर त्याची पोरं काय खातील? आपल्याला एकाच पंचक्रोशीत राहायचंय."

त्या व्हरांड्यात जे मी काकांना सांगितलं ते आता प्रत्येक घराला सांगत असते. मोटार वाहन कायद्याच्या १४६व्या कलमानं रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तिऱ्हाइताचा, म्हणजे थर्ड पार्टी, विमा सक्तीचा केलाय, तो अशाच वेळेसाठी. दावा मालकावर आणि विमा कंपनीवर मिळून होतो. पॉलिसी चालू असेल आणि तिच्या अटी पाळलेल्या असतील तर पैसे कंपनी देते. त्या माणसानं दरसाल हप्ता भरलाय तो याचसाठी. आपण तो हक्क सोडला तर त्याचा फायदा ट्रॅक्टरवाल्याला नाही, कंपनीला होतो. गावकीतली तडजोड मला हलकी वाटत नाही. तिच्यात माणुसकी असते, पिढ्यान्‌पिढ्यांचं जाणं-येणं असतं. पण तीस हजारांत मांडीत टाकलेला रॉडसुद्धा येत नव्हता, आणि त्या तडजोडीच्या कागदावर "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" ही ओळ मात्र कायमची बसणार होती.

यातली अडचणीची बाजूही सांगायला हवी, कारण ती लपवली तर माणसं मधेच तोंडघशी पडतात. ट्रॅक्टरचा विमा पुष्कळदा शेतीकामापुरता असतो आणि ऊस वाहतूक भाड्यानं चालते. ट्रॉलीची नोंद वेगळी असते, कधी नसतेच. चालकाकडे योग्य परवाना नसतो. मग कंपनी हात वर करते. परवान्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात वाट काढून दिली आहे: आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. जखमीचं भागतं, पण मालकावर वसुली येऊ शकते. म्हणून ट्रॅक्टरवाल्या भावांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे की हंगाम सुरू व्हायच्या आधी पॉलिसी वाचून घ्या. तुम्हीही उद्या त्याच व्हरांड्यात उभे असाल.

काकांनी रुमाल परत केला. फिर्याद नोंदली गेली, पण उशिरा. उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. घरातलं माणूस दवाखान्यात असताना आधी पोलिस ठाणं गाठलं नाही, हे न्यायालयं समजून घेतात. उशिराचं कारण मात्र जबाबात स्पष्ट लिहायला लागतं. जबाब वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. ट्रॉली उभी होती की चालती होती, मागे दिवा होता का, रिफ्लेक्टर होता का, समोरून वाहन आलं होतं का, हे एकेक वाक्य पुढे हजारो रुपयांचं ठरतं. घटनास्थळाचा पंचनामा होताना आपला माणूस तिथं हजर असावा. रस्त्याची रुंदी, घासलेल्या खुणा, ट्रॉली रस्त्यात किती आली होती याची मापं त्यात यायला हवीत. एकदा लिहिलेला पंचनामा दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य असतं.

१ एप्रिल २०२२ पासून या कामाला चांगले नियम आलेत. तपास अधिकाऱ्यानं अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला कळवायचा, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि जखमीला त्याच्या हक्कांचा छापील कागद हातात द्यायचा. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या नियमांची अंमलबजावणी करायला पोलिस ठाण्यांत खास पथकं नेमा असंही बजावलं. माझ्याकडे येणाऱ्या पिशव्यांत तो हक्कांचा कागद मी फार क्वचित पाहिलाय. मागितला तर मिळतो. मागायचा असतो हेच लोकांना ठाऊक नसतं.

१ एप्रिल २०२२ पासूनच आणखी एक बदल झाला आणि तो जखमींच्या मुळावर आलाय असं माझं ठाम मत आहे. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायची अट परत आली. १९९४ साली ही मुदतच काढून टाकली होती, आणि ती शहाणपणाची गोष्ट होती. मांडीचं हाड मोडलेला माणूस सहा महिन्यांत कुबड्यांवर कसाबसा उभा राहतो. दुसरं ऑपरेशन लागेल की नाही ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. तो वकील कधी शोधणार? या अटीविरुद्ध प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात आहेत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका असं सांगितलं. तेवढा दिलासा आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणी घरी बसू नये. अपघात कुठंही झालेला असो, दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि तिथंच अपघात झालेल्या पोराला गावाकडं आणलं असेल, तर दावा सांगलीत चालू शकतो. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळं कितीतरी घरं "आता कोण पुण्याला खेटे घालणार" म्हणत गप्प बसलेली मी पाहिलीत.

वकिलाचा विषय नाजूक आहे, पण बोललं पाहिजे. दवाखान्याच्या वॉर्डात, डोळे अजून नीट उघडले नसताना, उशाशी कार्ड ठेवून जाणारी माणसं असतात. "काही खर्च नाही, आलेल्यातले इतके टक्के द्या" अशी त्यांची बोली. अमेरिकेत निकालावर टक्का ठरवून वकिली करणं रीतसर चालतं. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी ते वकिलाला मना आहे: निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. तरीही टक्केवारी चालते, कारण जखमीकडे आगाऊ द्यायला पैसे नसतात. त्याची अडचण खरी आहे. म्हणून त्याला दुसरा रस्ता दाखवायला हवा आणि तो रस्ता आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. नवरा गमावलेली बाई या मदतीला पहिल्या दिवसापासून पात्र असते, आणि तिलाच ही गोष्ट सगळ्यात शेवटी कळते. चांगले, मनापासून भांडणारे खासगी वकीलही आहेत. आमचे वकील तसेच निघाले. पण कोऱ्या कागदावर सही, आपलं पासबुक किंवा सह्या केलेले चेक दुसऱ्याच्या ताब्यात, यांतलं काहीही कुणी मागितलं तर तिथून उठून यावं.

आता या सगळ्यात जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं तिकडे येते.

भावाचं हाड जुळलं. गुडघा मात्र अर्ध्यावरच वाकतो. अपंगत्वाच्या दाखल्यावर ३० टक्के आकडा आला. घरात सगळ्यांना वाटलं, चला, तीसच टक्के. मी त्या आकड्याकडे बघत राहिले. वायरमनचं काम म्हणजे खांबावर चढणं. कमरेला पट्टा बांधून, एक पाय आडव्या अँगलवर टाकून, सगळा भार गुडघ्यावर पेलून दोन्ही हात मोकळे ठेवायचे. गुडघा वाकत नाही त्याला खांब बंद. मग त्याचं किती टक्के गेलं?

या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात उत्तर दिलंय, आणि माझ्या मते प्रत्येक जखमीच्या घरात ते माहीत असायला हवं. न्यायालय म्हणतं की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण गेली; तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते. डॉक्टर शरीराचा आकडा सांगेल, कमाईचा आकडा न्यायाधिकरणानं ठरवायचा, आणि त्यासाठी माणूस काय काम करत होता, आता त्यातलं काय करू शकतो आणि काय नाही हे तपासायचं.

याचा पैशात अर्थ काय होतो ते मांडून दाखवते. २८ वर्षांचा माणूस, महिना १५,००० रुपये कमाई धरू. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानं चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्याच्या उत्पन्नात पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे ठरले, आणि जखमींच्या दाव्यातही ही वाढ धरायला हवी हे नंतर पप्पू देव यादव निकालानं पक्कं केलं. म्हणजे महिना २१,०००, वर्षाला २,५२,०००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे २६ ते ३० वयाला १७ नं गुणायचं: ४२,८४,०००. याचे ३० टक्के होतात १२,८५,२००. आणि वायरमनचं काम सुटलं म्हणून कमाईचं नुकसान ६० टक्के धरलं तर २५,७०,४००. माणूस तोच, पाय तोच. दोन आकड्यांमधला फरक एवढाच की खांबावर कसं चढतात हे कोर्टाला कुणी समजावून सांगितलं का.

ते सांगायला पुरावा लागतो. ठेकेदार रोखीनं पगार देतो, स्लिप नसते. मग कधीमधी खात्यावर आलेले पैसे, मोबाइलवरून आलेली रक्कम, हजेरीच्या वहीचं पान, आणि शक्य झालं तर ठेकेदार स्वतः साक्षीला. अपंगत्वाचा दाखला नुसता जोडून भागत नाही. ज्यानं उपचार केले किंवा तपासलं त्या डॉक्टरनं कोर्टात येऊन सांगावं लागतं, नाहीतर दाखल्याचं वजन उरत नाही. डॉक्टरांना वेळ नसतो हे खरं. तरी मागे लागावं. आमच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या यादीतून वेळ काढून साक्ष दिली आणि गुडघ्याचा कोन किती अंशांवर अडतो ते न्यायाधीशांसमोर हातानं करून दाखवलं. त्या दिवशी मला ते फार मोठे वाटले.

दवाखान्याची बिलं मागतानाही लोक कमी मागतात. औषधं, ऑपरेशन इथंच थांबतात. रॉड काढायचं पुढचं ऑपरेशन, फिजिओ, दर फेरीची भाड्याची गाडी, झोपून राहिलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, वेदनेसाठीची भरपाई, आणि सेवा करणाऱ्याचे पैसे, हे सगळं मागता येतं. काकूनं शेतमजुरी सोडून मुलाचं हगणं-मुतणं काढलं, कूस बदलली, रात्री जागली. तिनं कधी त्याची किंमत केली नाही, पण घरच्यानं केली म्हणून सेवा फुकट होत नाही, असं न्यायालयं मानतात. स्वयंपाकघरातल्या बाईचंही तसंच. अपघातात गृहिणी गेली किंवा अंथरुणाला खिळली की अर्जावर "उत्पन्न: काही नाही" असं लिहिणारे अजून आहेत. २०१४ साली दिल्लीत दुचाकीवरून चाललेल्या एका जोडप्याला मोटारीनं उडवलं. त्यांच्या मुलींच्या दाव्यावर, कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात, ५ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं घरकामाचं मोल धरायलाच हवं आणि त्यातही पुढची वाढ मिळवायला हवी असं सांगितलं. गाडीवर मागे बसणाऱ्या आपल्या आया-बहिणींसाठी हा निकाल आहे.

विमा कंपनीनं आमच्यावर अपेक्षेप्रमाणे उलटा आरोप ठेवला: मागून धडकला तो, म्हणजे निष्काळजी तोच. अर्चित सैनी विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०१८ च्या निकालानं इथं आधार दिला. रात्री रस्त्याच्या मधोमध, दिवे-खुणा न लावता उभ्या केलेल्या टँकरवर एक कार मागून आदळली होती. त्यात कारचालकाचा दोष धरायला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. आता त्या मोबाइलमधल्या फोटोची किंमत लक्षात येईल.

हेल्मेटबद्दल मला दोन गोष्टी एकदम सांगायच्या आहेत. हेल्मेट नव्हतं किंवा गाडीवर तिघं होते, एवढ्यावरून "तुमचा दावा गेला" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०२० सालच्या मोहम्मद सिद्दीक निकालात न्यायालयानं म्हटलंय की ट्रिपल सीट हा कायद्याचा भंग आहे, पण त्या भंगामुळं अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय जखमीचा दोष धरता येणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ते हेल्मेट घाला. कोर्टात जिंकता येईल, पण डोक्याला मार लागलेला माणूस परत आणता येत नाही. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक दुचाकीच्या अपघातांत गेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो असं दिसलं. पुण्यासारख्या शिकलेल्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, ते पाहून मला खरोखर दुःख झालं होतं. आमच्याकडे मोर्चे निघत नाहीत, हेल्मेट आरशाला टांगलेलं असतं, किंवा डोक्यात असून पट्टा मोकळा असतो. मोकळ्या पट्ट्याचं हेल्मेट पहिल्या आपटीतच डोक्याआधी उडून जातं. आणि बायका-मुलांच्या डोक्यावर काहीच नसतं. चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी हेल्मेट (नऊ महिन्यांपासून पुढे), चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा हा २०२३ पासून नियम आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी तो पाळलेला मी अजून पाहिलेला नाही.

अपघाताच्या जागीही आपण प्रेमापोटी नुकसान करतो. जखमीला पाणी पाजतात. गिळता न आलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं आणि भूल देताना धोका वाढतो. दोघांच्या मधे गाडीवर बसवून नेतात. मणक्याला मार असेल तर तेवढ्या प्रवासात पाय कायमचे लुळे पडू शकतात. १०८ ला फोन करावा, मान हलू देऊ नये, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापडानं घट्ट दाब द्यावा. मदत करणाऱ्यानं पोलिसांना घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं १३४-अ हे कलम त्याला संरक्षण देतं आणि नाव सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजनाही देशभर लागू आहे. दवाखान्यात पाऊल टाकताच तिचं नाव घ्यावं. आणि केसपेपर लिहिला जात असताना जवळच्यानं पूर्ण वाक्य सांगावं: कुठल्या वाहनानं, कुठं, कसं.

समोरचं वाहन पळून गेलं तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० सरकारी योजनेतून मिळतात. खड्ड्यानं पाडलं तर ऑक्टोबर २०२५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं मृताच्या वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख द्यायचे आहेत. पण आपणच घसरून पडलो, दुसरा कुणी दोषी नाही, तर? आपला तिऱ्हाइताचा विमा आपल्याला काही देत नाही. मालक स्वतः चालवत असेल तर १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, तेही मृत्यू आणि ठरावीक कायम अपंगत्वापुरतं, मोडलेल्या हाडासाठी नाही. मित्राची किंवा भावाची गाडी मागून नेली तर २००९ च्या निंगम्मा निकालाप्रमाणे नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो आणि तिऱ्हाईत ठरत नाही. नुसत्या तिऱ्हाईत विम्याच्या गाडीवर मागे बसलेल्याचा भारही त्या पॉलिसीवर येत नाही. त्यासाठी पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक, पॉलिसी लागते. आपल्याकडे गाड्या घराघरांत फिरत्या असतात, चावी खिळ्याला आणि गाडी गल्लीची. म्हणून हे सांगणं मला फार निकडीचं वाटतं. पॅकेज पॉलिसीच्या वरच्या पैशांत चार माणसांचं हॉटेलातलं जेवणही कदाचित होत नसेल, आणि लोक तेवढंच वाचवतात.

भावाच्या दाव्यात पुरावा झालाय, निकाल यायचाय. ठेकेदार साक्षीला आला होता, "हा माझा सगळ्यात चांगला लाइनवरचा माणूस होता" म्हणाला. कंपनीनं लोकअदालतीत एक रक्कम देऊ केली होती. लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून आम्ही घरी बसून हिशेब केला आणि ती रक्कम नाकारली. तीस टक्क्यांच्याच हिशेबानं काढलेली होती ती. भाऊ आता मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसून काम करतो. पूर्वीच्या निम्मंही मिळत नाही.

यंदाचा हंगाम सुरू झालाय. तालमीची पोरं, तीच रक्त द्यायला आलेली, वर्गणी काढून ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटवतात, मागे कापडी रिफ्लेक्टर बांधतात. त्यांचं कौतुक वाटतं आणि रागही येतो, त्यांच्यावर नाही. ताशी साठच्या वेगानं दुचाकी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. त्या एका सेकंदासाठी एवढीशी पट्टी पुरते. आणि ती लावायचं काम गावातल्या पोरांनी वर्गणीतून करायचं? प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर येतेच. नंबर लागतो, वजन होतं, पावती निघते. उसाचं पाचट जास्त दिसलं तर वजनात कपात करायला कारखान्याला वेळ सापडतो. त्याच काट्यावर उभं राहून मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर बघावा, नसेल त्या ट्रॉलीची पावती फाडू नये, आणि हे हंगामाच्या करारातच लिहावं. आमच्या तालुक्यातल्या कारखान्यांना देण्यासाठी असा अर्ज आम्ही लिहिलाय. त्यावर गावोगावच्या जखमींच्या आणि गेलेल्यांच्या घरच्यांच्या सह्या घेतोय. पहिली सही काकांची आहे आणि तिच्याखाली, त्यानं स्वतः मागून घेतलेली, त्या ट्रॅक्टरवाल्याची.